बिनपगारी वर्ल्ड कप

२०३० च्या फुटबॉल वर्ल्ड कपचे यजमान आहेत स्पेन, पोर्तुगाल आणि मोरोक्को. पण सुरुवातीचे तीन सामने होणार आहेत थेट अटलांटिकच्या पलीकडे: उरुग्वेत माँटेव्हिडिओला, अर्जेंटिनात ब्युनॉस आयर्सला आणि परागुआयत असुन्सियोनला. डिसेंबर २०२४ मध्ये फिफाने यावर शिक्कामोर्तब केलं. कारण सरळ आहे. पहिला वर्ल्ड कप १९३० साली उरुग्वेत झाला, त्याला शंभर वर्षं होतायत. (परागुआयचा काय संबंध? तर दक्षिण अमेरिकन फुटबॉल महासंघाचं हेडऑफिस तिथे आहे. हेडऑफिसवाल्यांना सगळीकडेच मान असतो!)

शंभरी जवळ येईल तसतशी त्या पहिल्या स्पर्धेची तीच ती माहिती आपल्यावर येऊन आदळणार: तेरा टीम्स, अठरा सामने, सत्तर गोल, फायनलमध्ये उरुग्वे ४, अर्जेंटिना २. ही सगळी माहिती बरोबरच आहे. पण त्या वर्षाबद्दल वाचत गेलो तसा मला गोलांपेक्षा एका वेगळ्याच गोष्टीत रस वाटायला लागला. ती म्हणजे रजा. कोणाला रजा मिळाली, कोणाला नाही, आणि रजेवर असताना पगार कोण देणार. आपल्यासारख्या लीव्ह बॅलन्स मोजत जगणाऱ्या लोकांना हा इतिहास लगेच कळेल.

तर मंडळी, थोडं मागे जाऊ. १९२० च्या दशकात देशादेशांमधली फुटबॉलची सगळ्यात मोठी स्पर्धा म्हणजे ऑलिंपिक. आणि ऑलिंपिकचा नियम असा, की खेळाडू हौशीच हवा, खेळाचे पैसे घेणारा चालणार नाही. ऐकायला छान वाटतं. पण समजा एखादा गिरणी कामगार आहे, चांगला खेळतो, देशाच्या टीममध्ये आला. महिनाभर परदेशी गेला तर त्याचा महिन्याचा पगार बुडणार. घरी बायकापोरं काय खाणार? मग बुडालेल्या पगाराची भरपाई त्याला द्यायची का? म्हणजे आपल्या भाषेत लॉस ऑफ पे भरून द्यायचा का?

एवढ्याशा प्रश्नावर जगाचं फुटबॉल फुटलं. फिफाचं म्हणणं, भरपाई देऊ द्या. ब्रिटिशांचं म्हणणं, अजिबात नाही. खेळाडू एकतर व्यावसायिक असतो नाहीतर हौशी, भरपाई घेणारा हौशी म्हणजे चोरवाटेने आलेला व्यावसायिक. इंग्लंडमध्ये व्यावसायिक फुटबॉलला १८८५ पासूनच मान्यता होती, त्यामुळे त्यांच्या बोलण्यात अगदीच दम नव्हता असं नाही. पण शेवटी १९२८ च्या फेब्रुवारीत इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स आणि आयर्लंड (बेलफास्टवाले) या चारही संघटना फिफातून बाहेर पडल्या, त्या परत आल्या १९४६ साली. म्हणजे ज्यांनी खेळाचे नियम लिहिले ते पहिल्या तीन वर्ल्ड कपमध्ये नव्हतेच. १९५० मध्ये इंग्लंड पहिल्यांदा आलं आणि अमेरिकेकडून १-० हरून गेलं, पण तो वेगळा विषय.

माझं मत विचाराल तर 'हौशी' हा नियम ज्यांच्या घरी वडिलोपार्जित शेतीवाडी आहे अशा लोकांनी केलेला वाटतो. बेल्जियमचंच उदाहरण घ्या. रेमाँ ब्रेन हा त्यांचा सर्वोत्तम खेळाडूंपैकी एक. त्याने काय केलं, तर एक कॅफे उघडला. नावाचा फायदा घेऊन धंदा करतोस म्हणून त्याच्यावर बंदी! बेल्जियमची टीम १९३० ला त्याच्याशिवाय गेली आणि एकही गोल न करता परत आली. ब्रेन प्रागला जाऊन राजरोस पैसे घेऊन खेळायला लागला.

फिफाचे अध्यक्ष ज्यूल रिमे आणि त्यांचे सहकारी आंरी दलोने या दोघांना ऑलिंपिकच्या चौकटीत चांगलं फुटबॉल मावणार नाही हे कळून चुकलं होतं. मे १९२८ मध्ये अ‍ॅमस्टरडॅमला ठरलं, आपली स्वतःची स्पर्धा काढायची, हौशी, व्यावसायिक सगळ्यांना खुली. वर्षभराने बार्सिलोनाच्या बैठकीत यजमानपद उरुग्वेला मिळालं.

उरुग्वेच का? एक तर १९२४ आणि १९२८ या दोन्ही ऑलिंपिकमध्ये फुटबॉलचं सुवर्णपदक त्यांचं होतं. तो संघ म्हणजे कष्टकऱ्यांची फौज होती. कॅप्टन होसे नासासी संगमरवर कापायचं काम करायचा, पेद्रो सेआ बर्फ विकायचा. एक्तर कास्त्रोला तर उजव्या हाताचा पुढचा भाग नव्हता, लहानपणी सुतारकाम करताना करवतीखाली गेला होता. दुसरं कारण म्हणजे १८ जुलै १९३० ला त्यांच्या पहिल्या राज्यघटनेला शंभर वर्षं होणार होती आणि सरकारला दणक्यात उत्सव करायचा होता. सगळ्या टीम्सचा जाण्यायेण्याचा आणि राहण्याचा खर्च आम्ही देतो, असं उरुग्वेने सांगून टाकलं. हा देश केवढा? आज ३५ लाखांच्या आसपास वस्ती, तेव्हा वीस लाखांच्याही आत. २०११ च्या जनगणनेत एकट्या पुणे शहरात ३१ लाख लोक मोजले गेले होते, यावरून अंदाज करा.

तिकीट फुकट, हॉटेल फुकट. तरी युरोपातून कोणी येईना. कारण तिकीट हा प्रश्नच नव्हता, प्रश्न होता दिवसांचा. बोटीने जायला दोन आठवडे, यायला दोन आठवडे, मध्ये स्पर्धा. म्हणजे दीड-दोन महिने. आणि इथे मला सगळ्यात गंमत वाटते. ही स्पर्धा काढली होती कशासाठी, तर पैसे घेणाऱ्या खेळाडूंनाही खेळता यावं म्हणून. पण ऑस्ट्रिया, हंगेरी, चेकोस्लोव्हाकिया, स्पेन, इटली असे जे देश फुटबॉलमध्ये तेव्हा पुढे होते आणि जिथे खेळाडू पगारी होते, तिथले क्लब म्हणाले, पगार आम्ही देतो आणि खेळाडू दोन महिने तुमच्याकडे? जमणार नाही. जिथे खेळाडू हौशी होते तिथे नोकरी देणारा मालक म्हणाला, जमणार नाही. दोन्हीकडून रजा नामंजूर. स्पर्धा दोन महिन्यांवर आली तरी युरोपातून एकही नाव नव्हतं. उरुग्वेत संताप. शेवटी रिमेंनी लोकांच्या हातापाया पडून चार टीम्स जमवल्या: फ्रान्स, बेल्जियम, युगोस्लाव्हिया आणि रोमानिया.

यातली रोमानियाची गोष्ट म्हणजे रजेच्या इतिहासातलं सोनेरी पान. तिथे दुसरा कॅरोल हा राजा ८ जून १९३० ला गादीवर आला आणि टीमची बोट निघाली त्याच महिन्यात. राजा फुटबॉलवेडा. खेळाडूंना रजा मिळवून द्यायला तो स्वतः मध्ये पडला. काही खेळाडू एका ब्रिटिश तेल कंपनीत कामाला होते, कंपनी म्हणाली गेलात तर नोकरी विसरा, तर राजाने कंपनीला दम भरून भरपगारी रजा मंजूर करून घेतली अशी कथा नेहमी सांगितली जाते. सांगोवांगीत तिखटमीठ लागतंच, पण टीम गेली आणि परत आल्यावर नोकऱ्या शाबूत राहिल्या. कुठल्याही मॅनेजरपुढे एवढा वरचा एस्कलेशन मी तरी ऐकलेला नाही!

फ्रान्सला राजा नव्हता. टीम निवडणाऱ्या गास्तों बारोंना स्वतःला नोकरीतून सुट्टी मिळाली नाही, त्यांच्याऐवजी राऊल कोद्रों गेले. ल्युसियाँ लोराँ हा फॉरवर्ड प्यूजोच्या मोटार कारखान्यात कामाला होता आणि कारखान्याच्याच सोशो क्लबकडून खेळायचा. त्याला सोडलं.

'काँते व्हेर्दे' नावाच्या इटालियन बोटीत जेनोआला रोमानियाची टीम चढली, फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर व्हिलफ्रांशला २१ जूनला फ्रेंच टीम, बार्सिलोनाला बेल्जियम. रिमेही याच बोटीत होते आणि जिंकणाऱ्याला द्यायचा तो सोन्याचा मुलामा दिलेला कप त्यांच्या सामानात होता. वाटेत रिओला ब्राझीलची टीम चढली. म्हणजे एका बोटीत चार प्रतिस्पर्धी, अध्यक्ष आणि बक्षीस! सराव काय, तर डेकवर धावणं आणि उड्या. ४ जुलैला सगळे माँटेव्हिडिओत उतरले. युगोस्लाव्हिया दुसऱ्या बोटीने मार्सेयहून आली.

खास बांधलेलं सेंतेनारियो स्टेडियम पावसामुळे वेळेत पूर्ण झालं नव्हतं (डेडलाइन कोणाची चुकत नाही?), त्यामुळे पहिले सामने शहरातल्या छोट्या मैदानांवर झाले. १३ जुलै, तिकडचा कडाक्याचा हिवाळा, पोसितोसचं मैदान, फ्रान्स विरुद्ध मेक्सिको. एकोणिसाव्या मिनिटाला लोराँने गोल केला. वर्ल्ड कपच्या इतिहासातला पहिला गोल, कारखान्यातून रजा घेऊन आलेल्या माणसाचा. थोड्या वेळाने फ्रान्सचा गोलकीपर तेपो जखमी झाला. बदली खेळाडूची सोय तेव्हा नव्हती, मग हाफबॅक शाँत्रेल गोलमध्ये उभा राहिला आणि दहा जणांनी ४-१ असा सामना जिंकला. ते मैदान आता नाही. तिथे रस्ते आणि घरं आहेत.

सुट्टीचा आणखी एक किस्सा अर्जेंटिनाचा. त्यांचा कॅप्टन मानुएल फेरेरा वकिलीचं शिकत होता आणि मेक्सिकोविरुद्धच्या मॅचच्या वेळेस त्याची परीक्षा आली. गडी वर्ल्ड कप मध्येच सोडून ब्युनॉस आयर्सला पेपर द्यायला गेला! (इंजिनिअरिंगला असताना गॅदरिंगसाठी पेपर सोडणारे मी पाहिलेत, हे उलटं झालं.) त्याच्या जागी गियेर्मो स्ताबिले आला. देशासाठी त्याची ही पहिलीच मॅच. १९ जुलैला त्याने हॅटट्रिक मारली, पुढच्या सामन्यांमध्ये मारतच राहिला आणि चार सामन्यांत आठ गोल करून स्पर्धेत सगळ्यात पुढे राहिला. नंतर तो इटलीत खेळायला गेला, आणि अर्जेंटिनासाठी त्या चार सामन्यांशिवाय पुन्हा कधीच खेळला नाही. ही पहिली वर्ल्ड कप हॅटट्रिक अशी नोंद कित्येक वर्षं होती. २००६ मध्ये फिफाने मान्य केलं की दोन दिवस आधी अमेरिकेच्या बर्ट पॅटनॉडने ती मारली होती. असो.

यजमानांची तयारी मात्र वेगळ्या जातीची होती. उरुग्वेने आपल्या खेळाडूंना कित्येक आठवडे कॅम्पमध्ये कोंडून ठेवलं. दोन ऑलिंपिक सुवर्णपदकांचा मानकरी गोलकीपर मासाली रात्री गुपचूप बाहेर जाऊन आला, तर त्याला टीममधूनच काढलं. त्याने विनापरवानगी रजा घेतली म्हणायची.

१८ जुलैला सेंतेनारियोचं उद्घाटन झालं, पेरूविरुद्ध १-० आणि गोल एकहाती कास्त्रोचा. सेमीफायनल दोन्ही ६-१, अर्जेंटिनाने अमेरिकेला आणि उरुग्वेने युगोस्लाव्हियाला चेपलं. ३० जुलैच्या फायनलला नदीपलीकडून अर्जेंटिनाचे लोक बोटी भरभरून आले. बेल्जियन रेफ्री जॉन लांगेनस यांनी आपल्या जिवाची हमी मागून घेतली, तेव्हाच मैदानात उतरले. बॉल कोणाचा वापरायचा यावर भांडण झालं, म्हणून पहिला हाफ अर्जेंटिनाच्या बॉलने आणि दुसरा उरुग्वेच्या. पहिल्या हाफनंतर अर्जेंटिना २-१ ने पुढे, दुसऱ्या हाफमध्ये सेआ, इरियार्ते आणि शेवटच्या मिनिटांत पुन्हा कास्त्रो. दुसऱ्या दिवशी उरुग्वेत सार्वजनिक सुट्टी जाहीर झाली. भरपगारी असावी अशी आशा करू.

युरोपने दाखवलेली पाठ उरुग्वे विसरला नाही. १९३४ चा वर्ल्ड कप इटलीत होता, उरुग्वे गेलाच नाही. आपला किताब राखायला न गेलेला तो आजवरचा एकमेव विजेता. इटलीने तो कप जिंकला आणि त्यांच्या टीममध्ये होता लुईस माँटी, जो चार वर्षांपूर्वी अर्जेंटिनाकडून फायनल हरला होता. युव्हेंटसने त्याला पगार देऊन इटलीत नेलं होतं.

आणि बुडालेल्या पगाराचं काय? आता फिफाचं कॅलेंडर असतं, त्यातल्या तारखांना क्लबला खेळाडू सोडावाच लागतो. शिवाय फिफा क्लबला भाडं देते. २०२२ च्या कतार वर्ल्ड कपसाठी ४४० क्लबांना मिळून सुमारे २१ कोटी डॉलर वाटले गेले, म्हणजे एका खेळाडूमागे दिवसाला दहा हजार डॉलरहून थोडे जास्त. ज्या भरपाईवरून ब्रिटिश रुसून निघून गेले होते ती आता सगळ्यात श्रीमंत क्लबांना मिळते, आणि तक्रार करताना इंग्लिश क्लब कुठे दिसत नाहीत.

२०३० मध्ये सेंतेनारियोच्या वाट्याला येणार एकच सामना. तो झाला की उरुग्वेची टीम विमानात बसून अटलांटिक ओलांडणार, १९३० मध्ये फ्रेंचांना तेरा दिवस लागले तो पल्ला आता साधारण बारा तासांचा. आपलं घड्याळ माँटेव्हिडिओच्या साडेआठ तास पुढे आहे. तिथे दुपारी चारला मॅच सुरू झाली तर इथे रात्रीचे साडेबारा वाजलेले असतील. दुसऱ्या दिवशीची रजा टाकणार असाल तर त्या वर्षी जरा लवकरच टाका, टीममधले बाकीचेही टाकणार आहेत.