भाग: दंडावर पट्टी असलेला माणूस

हेडफोन लावलेत ना? आजची गोष्ट माझ्याच घरातली आहे.

आमच्या चऱ्होलीच्या घरात एक जुना फोटो आहे. गणवेशातला विशीतला पोरगा आणि त्याच्या दंडावर पट्टी. पट्टीवर इंग्रजीत दोन अक्षरं, एम. पी. हे माझ्या पणजोबांचे धाकटे भाऊ, घरातले धाकले आबा. दुसऱ्या महायुद्धात गेले, ते आलेच नाहीत. सरकारी कागद आला होता, पण तो एका पावसाळ्यात भिजून लगदा झाला. तिथी कुणालाच आठवत नाही, म्हणून दर पितृपक्षात त्यांचं पान सर्वपित्री अमावास्येला वाढतात.

लहानपणी मी एक वाक्य खूप वेळा ऐकलंय. "ते कुठले लढतायत! पोलीस होते, गाड्यांना हात दाखवायचे." मलाही ते खरंच वाटायचं.

आता थोडा इतिहास. लष्करी पोलिसांची पहिली भारतीय तुकडी 1939 च्या जुलैमध्ये उभी राहिली. त्यातली माणसं 7 वी कॅव्हलरी आणि 11 वी शीख रेजिमेंट यांच्यातून घेतलेली. म्हणजे आधी सैनिक, मग पोलीस. पुढे भारतीय फौज दोन लाखांवरून 25 लाखांपर्यंत वाढली आणि हे कामही वाढत गेलं.

काम काय? चाकणच्या चौकात संध्याकाळी अडकलायत कधी? आता तोच चौक ब्रह्मदेशच्या जंगलात नेऊन ठेवा. रस्ता एकच, तोही चिखलाचा. पुढे दारूगोळा न्यायचाय, मागे जखमी आणायचेत, मधेच रणगाडे. डिसेंबर 1944 मध्ये कलेवाला चिंदविन नदीवर 1,154 फुटांचा बेली पूल बांधला. त्या काळातला तो सगळ्यात लांब बेली पूल. अशा पुलावर आधी कोणती गाडी सोडायची, दोन गाड्यांत अंतर किती ठेवायचं, हे ठरवणारा माणूस पुलाच्या तोंडाशी उभा असायचा. रस्त्यावर खुणेच्या पाट्या लावणं, चुकलेल्या जवानांना त्यांच्या पलटणीकडे धाडणं, युद्धकैदी मागे नेणं, हेही त्याच्याकडेच.

आणि शत्रू बॉम्ब कुठे टाकतो? पुलावर आणि चौकात. बाकीचे गोळीबार सुरू झाला की चर शोधतात. याला मात्र जागा सोडता येत नाही, कारण तो हलला तर सगळी रांग तुंबते आणि आयतं निशाण होते.

हे वाचलं त्या रात्री मला त्या 'हात दाखवायचे'ची लाज वाटली.

मग शोध सुरू केला. आधी गाडी काढून खडकीच्या युद्ध स्मशानभूमीत गेलो. तिथे दुसऱ्या महायुद्धातल्या 1,668 कबरी आहेत. आबा तिथे नव्हते. नंतर उलगडा झाला. हिंदू आणि शीख सैनिकांचं दहन व्हायचं, त्यामुळे त्यांची नावं कबरीवर नाही, स्मारकाच्या भिंतीवर असतात. आपले माणगावजवळच्या पळसगावचे यशवंत घाडगे आठवतात ना? 10 जुलै 1944, इटली. सगळे सोबती पडल्यावर एकट्याने मशीनगनवर चालून गेले, व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, वय फक्त 22. त्यांचं नावही तिकडे कॅसिनोच्या स्मारकावर आहे.

राष्ट्रकुल युद्धकबर आयोगाच्या वेबसाइटवर हे सगळं मोबाइलवर शोधता येतं, फुकट. आबांच्या नावाने काहीच मिळेना. इंग्रज कारकुनाने कानाला ऐकू आलं तसं लिहिलेलं! शेवटी वडिलांचं नाव आणि पुणे जिल्हा धरून वेगवेगळी स्पेलिंगं टाकत बसलो. चौथ्या रात्री सापडले. लान्स नाईक, लष्करी पोलीस. मार्च 1945. रंगून स्मारक. गावाच्या नावात एक अक्षर चुकलेलं, पण गाव आमचंच.

त्याच महिन्यात ब्रह्मदेशात मेक्तिलाची लढाई पेटलेली होती. रंगूनच्या त्या स्मारकावर जवळजवळ 27,000 नावं आहेत, ज्यांची कबर कुठेच नाही अशांची. आबा त्यातले एक.

सकाळी आजीला सांगितलं. ती थोडा वेळ काहीच बोलली नाही. मग म्हणाली, "तारीख मिळाली ना? मग तिथी काढ."

जुनं पंचांग मिळवून तिथी काढली. अष्टमी. ह्या वर्षी पितृपक्षात अष्टमीला पान वाढलं. आजीने फोटो पुसून समोर ठेवला आणि आल्यागेल्याला सांगत राहिली, "आमचे चुलतसासरे. पुलावर उभे असायचे, लढाईत."

त्या युद्धात 87,000 हून जास्त भारतीय सैनिक गेले. क्रॉस मिळालेले आपल्याला पाठ असतात. बाकीचे कुणाच्या तरी घरातल्या ट्रंकेत आहेत. आज घरी गेलात की आजीला विचारा, ट्रंकेत काय आहे. आणि फोटो सापडला तर आधी दंडाकडे बघा.

भेटू पुढच्या भागात.