कूलिंग टॉवरमधील प्रवाहमापकांची निवड

औद्योगिक कूलिंग टॉवरमध्ये पाणी बाष्पीभवन, ब्लोडाउन (क्षार साचू नयेत म्हणून मुद्दाम सोडलेले पाणी) आणि हवेबरोबर उडणारे तुषार या तीन वाटांनी जाते. तेवढी भर मेकअप पाण्याने घालावी लागते. मेकअप आणि ब्लोडाउन यांचे गुणोत्तर म्हणजे स्थूलमानाने सांद्रणचक्रे. बाष्पीभवन १०० घनमीटर असता ३ चक्रांना १५० घनमीटर मेकअप लागतो, ६ चक्रांना १२०. ही बचत प्रत्यक्षात होते की नाही, हे मेकअप आणि ब्लोडाउन या दोन्ही नळांवर मापक असल्याशिवाय कळत नाही. अनेक कारखाने मात्र मेकअपवरच मापक बसवून थांबतात.

मेकअपचे पाणी स्वच्छ असेल तर गाळणीसह यांत्रिक मापक चालतो व स्वस्त पडतो. ब्लोडाउनची गोष्ट वेगळी. हे पाणी क्षारयुक्त, गाळाचे असते आणि अनेकदा झडप उघडेल तेव्हाच वाहते. फिरती चाके त्यात अडकतात. येथे विद्युत्‌चुंबकीय मापक योग्य, कारण त्यात हलता भाग नसतो आणि क्षारांमुळे पाण्याची विद्युत्‌वाहकता भरपूर असते. नळ मात्र पूर्ण भरलेला हवा. त्यामुळे पाणी वर चढणारा उभा भाग उत्तम. मापकाचा आकार नळाच्या व्यासावरून नव्हे, प्रवाहावरून ठरवावा. मोठा मापक मंद प्रवाहात चुकतो. अभिसरणाच्या मोठ्या नळांवर, नळ न कापता, बाहेरून बसणारे श्राव्यातीत (अल्ट्रासॉनिक) मापक वापरतात.

पाण्याचा हिशेब नियमांसाठीही लागतो: कूलिंग टॉवर असलेल्या जुन्या औष्णिक केंद्रांना भारतात २०१५ च्या अधिसूचनेने दर मेगावॉट-तासाला ३.५ घनमीटर पाण्याची मर्यादा घातली. काही केंद्रे पाण्याचा स्रोतही बदलतात; कोराडी औष्णिक केंद्र नागपूरचे प्रक्रिया केलेले सांडपाणी वापरते. अशा पाण्यासाठी मेकअपवरही यांत्रिक मापक टाळलेला बरा.