यवतमाळच्या शेजारच्या कुष्ठवसाहती
यवतमाळला लागून असलेल्या तीन जिल्ह्यांत विसाव्या शतकाच्या मध्याला कुष्ठरुग्णांच्या तीन वसाहती उभ्या राहिल्या. वर्ध्याजवळ मनोहर दिवाण यांनी १९३६ मध्ये दत्तपूर सुरू केले, अमरावतीला डॉ. शिवाजीराव पटवर्धन यांनी तपोवन वसवले, तर वणीकडून वर्धा नदी ओलांडली की लागणाऱ्या वरोऱ्याजवळ बाबा आमटे यांनी आनंदवन.

कुष्ठरोगाने येणारे अपंगत्व बरेचसे बधिरपणातून येते. नसा निकामी झाल्या की तव्याचा चटका कळत नाही. फोड दिसतो तेव्हाच भाजल्याचे समजते. पायात काटा मोडला तरी माणूस चालत राहतो, जखम चिघळते, बोटे झिजत जातात. म्हणून रोज संध्याकाळी तळवे डोळ्यांनी तपासायचे, अवजाराच्या दांड्याला चिंधी गुंडाळायची, मऊ रबराच्या चपलेशिवाय बाहेर पडायचे नाही, ही शिस्त अंगी बाणवावी लागते. शरीराचा प्रश्न अशा सवयींनी आटोक्यात राहतो. मनाचे तसे नव्हते. घरात ताट वेगळे व्हायचे, मग खाट गोठ्यात जायची, आणि शेवटी देवळाच्या पायरीवर भीक. ती भीकही लोक पुण्यासाठी घालत, माणसासाठी नव्हे.

यावर या वसाहतींनी काढलेला उपाय श्रमाचा होता. मात्र वेळ घालवायला दिलेले काम आणि कोणाला तरी हवे असलेले काम यांत फार अंतर असते. आनंदवनात सहा रुग्णांपासून सुरुवात झाली. खडकाळ माळावर त्यांनीच विहीर खणली. १९५१ मध्ये विनोबांच्या हस्ते उद्घाटन झाले. भाजी पिकली, पण वरोऱ्यात गिऱ्हाईक मिळेना. १९५४ मध्ये परदेशी स्वयंसेवक इथे राहून बांधकामाला लागले, रुग्णांच्या हातचे जेवले, तेव्हा कुठे गावची भीड चेपली. पुढे १९६४ मध्ये वरोऱ्याच्या धडधाकट मुलांसाठी महाविद्यालय निघाले, त्याच्या उभारणीत याच हातांचे श्रम होते. अंधशाळा निघाली, अपंगांसाठी व्यवसाय प्रशिक्षण आले. घेणारा देणारा झाला. मन सावरले ते बहुधा इथेच. औषधांइतकेच याचे मोल धरावे लागेल.

उणीव राहिली ती परतीच्या वाटेची. डॅप्सोनने आणि १९८० च्या दशकात आलेल्या बहुविध औषधोपचाराने रोग बरा होऊ लागला, तरी आखडलेली बोटे पाहून घरचे दार उघडत नसे. बरे झालेले कित्येक जण वसाहतीतच म्हातारे झाले. कायदाही रेंगाळला. कुष्ठमुक्त व्यक्तींना १९९५ च्या कायद्याने अपंगांत स्थान मिळाले. पण जोडीदाराला कुष्ठरोग आहे एवढ्यावर घटस्फोट मागण्याची तरतूद हिंदू विवाह कायद्यासह इतर वैयक्तिक कायद्यांतून निघायला २०१९ साल उजाडले.