एकोणतीस मिनिटे एकोणसाठ सेकंद

2010 साली पॅनासॉनिकचा जीएच2 हा कॅमेरा बाजारात आला. अमेरिकेत घेतलेला जीएच2 कार्ड भरेपर्यंत चित्रण करीत राही. युरोपात घेतलेला तोच कॅमेरा 29 मिनिटे 59 सेकंद झाली की थांबे. सेन्सर तोच, लेन्सही त्याच. ‘सेन्सर तापतो म्हणून थांबतो’ असे दुकानातून सांगितले जाई, आणि काही कॅमेऱ्यांच्या बाबतीत ते खरेही होते. पण एकच सेन्सर एका खंडात तापतो आणि दुसऱ्यात तापत नाही, असे कसे होईल? या अर्ध्या तासाचे मूळ जकातीच्या तक्त्यात आहे.

स्थिर चित्र आणि चलच्चित्र ही मुळात एकाच घरातली. आपल्याकडे तर अक्षरशः. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजे सावेदादा, यांचा मुंबईत फोटोचा व्यवसाय होता. त्यांनीच इंग्लंडच्या रायली ब्रदर्सकडून 21 गिनींना चलच्चित्राचा कॅमेरा मागवला आणि 1899 मध्ये हँगिंग गार्डनवर कुस्ती चित्रित केली. एकाच माणसाने दोन्ही कामे करण्यात कुणाला नवल वाटले नसावे. जर्मनीत लाइट्झ कंपनीच्या ऑस्कर बार्नाक यांनी पुढे सिनेमाचीच 35 मिलिमीटरची फिल्म घेतली, ती आडवी चालवली आणि सिनेमाच्या 18 बाय 24 मिलिमीटरच्या दोन चौकटी जोडून 36 बाय 24 ची एक चौकट केली. 1925 मध्ये त्यातून लायका बाजारात आला. आज ज्याला फुल फ्रेम म्हणतात, ते माप सिनेमाच्या पोटातून निघालेले आहे.

डिजिटल युगात हेच माप महाग ठरले. सेन्सर सिलिकॉनच्या गोल चकतीवर तयार होतात. फुल फ्रेमचे क्षेत्रफळ 864 चौरस मिलिमीटर, एपीएस-सीचे साधारण 370. एका चकतीत मोठे सेन्सर निम्म्याहूनही कमी बसतात, आणि एखादा दोष पडला की वाया जाणारा तुकडाही मोठा असतो. त्यामुळे आकाराच्या मानाने किंमत जास्तच चढते. हा फरक टोकियोत, न्यूयॉर्कमध्ये आणि मुंबईत सारखाच लागू आहे. त्यावर तक्रार करण्यात अर्थ नाही.

देशोदेशीच्या किमतीतला फरक येतो तो करातून. अमेरिकेतली छापील किंमत विक्रीकर धरून नसते, युरोपातली मूल्यवर्धित कर धरून असते, आपली एमआरपी सगळे कर पोटात घेऊन येते. आपल्याकडे जीएसटी आला तेव्हा डिजिटल कॅमेऱ्यावर 28 टक्के होता, 1 जानेवारी 2019 पासून तो 18 झाला. अमेरिकेतल्या मावसभावाने सांगितलेला आकडा डॉलरच्या भावाने गुणून ‘इथे लुटतात’ म्हणणाऱ्यांनी एवढा हिशेब आधी करावा.

जकातीचे प्रकरण याहून खोल. डिसेंबर 1996 मध्ये सिंगापूरला माहिती तंत्रज्ञान करार ठरला. भारत 1997 मध्ये त्यात सामील झाला. संगणकाशी नाते असलेल्या वस्तू जकातमुक्त झाल्या आणि त्यांत डिजिटल स्थिर चित्राचा कॅमेरा बसला. व्हिडिओ कॅमेरा बाहेर राहिला. तोवर दोघे दिसायलाही निराळे होते, म्हणून अडचण नव्हती. 2008 मध्ये निकॉन डी90 आणि पाठोपाठ कॅननचा फुल फ्रेम 5डी मार्क 2 आला आणि फोटोच्या कॅमेऱ्याने सिनेमा टिपायला सुरुवात केली. आता हा कुठल्या रकान्यातला? युरोपीय संघाची रेघ अशी होती: 800 बाय 600 किंवा अधिक बिंदू, सेकंदाला किमान 23 चौकटी, आणि सलग 30 मिनिटे चित्रण जमत असेल तर तो व्हिडिओ कॅमेरा. त्यावर 4.9 टक्के किंवा त्याहून जास्त जकात. कंपन्यांनी एक सेकंद वाचवला आणि कॅमेरा जकातमुक्त ठेवला. बरेच जण तर एकच मर्यादा घालून तोच कॅमेरा सगळीकडे पाठवू लागले.

मार्च 2012 मध्ये भारतानेही हीच रेघ आपल्या अधिसूचनेत घेतली. शिवाय, कॅमेऱ्यात घालता येईल तेवढी सगळी मेमरी धरून ही क्षमता मोजायची, असेही लिहिले.

अर्धा तास कुणाला पुरत नाही? लग्नाचा व्हिडिओ तुकड्यातुकड्यांनीच निघतो, तिथे अडत नाही. अडते ते मणिबेलीसारख्या गावात. अक्कलकुवा तालुक्यातले हे नर्मदाकाठचे गाव सरदार सरोवर धरणाने बाधित झालेल्या महाराष्ट्राच्या 33 गावांतले पहिले. 1994 मध्ये मोठ्या धरणांना जागतिक बँकेने पैसा देणे थांबवावे, या मागणीच्या जाहीरनाम्याला जगभरच्या संघटनांनी याच गावाचे नाव दिले. त्या काळात खोऱ्यात जे व्हिडिओ चित्रण झाले, त्यातून आनंद पटवर्धन आणि सिमंतिनी धुरू यांचा ‘अ नर्मदा डायरी’ हा माहितीपट 1995 मध्ये आला. तेव्हाच्या कॅमकॉर्डरचा सेन्सर नखाएवढा असेल, पण कॅसेट संपेपर्यंत तो चालत राही.

इथला म्हातारा माणूस सांगायला बसला की आधी पिढ्या सांगतो. मग बांधावरचे मोहाचे वृक्ष, ते कुणाच्या वाट्याचे, शूलपाणेश्वराचे बुडालेले देऊळ कुठे होते, पाणी कुठल्या वर्षी कुठल्या दगडापर्यंत चढले. सातबाऱ्यावर नाव नसलेल्या कसणाऱ्यासाठी हे सलग सांगणे साक्ष म्हणून फार मोलाचे. स्टँडवरच्या कॅमेऱ्यात लाल ठिपक्याशेजारी आकडे पळत असतात. 29:57, 29:58, 29:59. ठिपका विझतो. कॅमेरा ना आवाज करतो, ना सूचना देतो. बोलणारा बोलतच राहतो, आणि साक्षीला मध्येच भोक पडते. ज्या तज्ज्ञांनी 30 चा आकडा ठरवला, त्यांच्या डोळ्यांसमोर बोलणारा माणूस नव्हता, याचा मला मनापासून राग येतो.

रेघ पुसली गेली, पण सगळीकडे नाही. 2015 मध्ये माहिती तंत्रज्ञान कराराचा विस्तार झाला, त्यात व्हिडिओ कॅमेरेही आले, आणि युरोपातली जकात 2019 पर्यंत टप्प्याटप्प्याने उतरली. त्याच वर्षीच्या सोनी ए6400 ला ही मर्यादा नव्हती. भारत त्या विस्तारात सामील झाला नाही. इथे 2012 मध्ये आलेल्या कॅननच्या कॅमेऱ्यांना मिळालेल्या सवलतीचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. महसूल गुप्तचर संचालनालयाच्या अधिकाऱ्यांना जकातवसुलीची नोटीस काढताच येत नाही, असा निकाल 9 मार्च 2021 रोजी लागला आणि नोव्हेंबर 2024 मध्ये फेरविचारात तो फिरला. दोन्ही वेळा मुख्य खल अधिकाराचा होता, अर्ध्या तासाचा नव्हे.

2019 च्या आधीचे पुष्कळ कॅमेरे अजून मुंबईच्या बोरा बाजारात वापरलेले म्हणून मिळतात, आणि कमी पैशात काम करणाऱ्या संस्था तेच घेतात. घेताना शटर किती वेळा उडाले ते सगळे विचारतात. सलग किती वेळ चालतो, हेही दुकानातच लावून बघावे. मर्यादेचाच घ्यावा लागला, तर दुसरा कॅमेरा किंवा फोन पंधरा मिनिटे उशिरा सुरू करावा आणि आवाज वेगळ्या रेकॉर्डरवर अखंड घ्यावा.