कोल्हापूर प्रकरणांतील बनावट पत्रें

कारस्थान, संशय व उलगडा न झालेल्या घटना यांवर रचिलेल्या ऐतिहासिक कादंबऱ्या अलीकडे युरोपांत लोकप्रिय झाल्या आहेत. उंबेर्तो एको या इतालियन ग्रंथकाराच्या १९८८ सालच्या 'फूकोचा लंबक' या कादंबरींत कांहीं गृहस्थ गंमतीखातर एक जागतिक कट कल्पितात, आणि इतर लोक तो खरा धरून चालतात. त्याच्याच २०१० सालच्या 'प्रागची दफनभूमि' या कादंबरीचा नायक बनावट दस्तऐवज करून देणारा आहे. कोल्हापूरकरांस हे विषय अपरिचित नाहींत.

छत्रपति राजाराममहाराज १८७० सालीं विलायतेहून परततांना फ्लॉरेन्स येथें निवर्तले. त्यांच्यामागें दत्तक आलेले चौथे शिवाजीमहाराज अल्पवयी होते. पुढें त्यांस वेड लागल्याचें सरकारनें ठरविलें. तथापि महाराज वेडे नसून त्यांचा छळ होत आहे, असा लोकांचा दृढ समज होता. अशा वेळीं कारभारी रावबहादुर माधवराव बर्वे यांच्या नांवचीं, महाराजांविरुद्धचा कट दर्शविणारीं पत्रें बाहेर आलीं. त्यांवर विसंबून टिळक व आगरकर यांनीं 'केसरी' व 'मराठा' यांतून कडक टीका केली. बर्व्यांनीं अब्रूनुकसानीची फिर्याद केली. पत्रें बनावट ठरलीं. आणि दोघांस जुलै १८८२ मध्यें चार महिन्यांची कैद झाली. पैकीं १०१ दिवस त्यांनीं डोंगरीच्या तुरुंगांत काढिले.

येथें प्रकरण संपतें, तर बोध सोपा होता. परंतु २५ डिसेंबर १८८३ रोजीं अहमदनगर येथें नजरकैदेंत असतां, देखरेखीवरील ग्रीन नामक गोऱ्या शिपायाशीं झालेल्या झटापटींत महाराजांचा अंत झाला. त्या वेळीं त्यांचें वय अवघें वीस वर्षांचें होतें.

कादंबरीकार या दोन गोष्टी एका सूत्रांत ओवील, व तो त्याचा अधिकारच आहे. संशोधकानें मात्र तसें करणें हा काकतालीय न्याय होय. पत्रें खोटीं ठरल्यानें महाराजांचे हाल खोटे ठरत नाहींत; तसेंच महाराजांच्या शोचनीय अंतानें तीं पत्रें खरीं होत नाहींत. दोहोंचा निर्णय स्वतंत्र पुराव्यानेंच व्हावयास पाहिजे.

आमच्या मतें जो कागद लोकांच्या मनांतील संशयास नेमका जुळतो, त्याची परीक्षा अधिक कसोशीनें करावी. तो कोणाच्या दप्तरांतून, केव्हां व कोणाच्या हातून बाहेर आला, अक्षर कोणाचें, मूळ प्रत कोणी पाहिली, हें आधीं विचारावें. मजकूर मागाहून वाचावा. टिळक-आगरकरांसारख्या विद्वानांसही जेथें चकवा बसला, तेथें इतरांची कथा काय?

तरी संग्राहकांस आमची विनंति आहे कीं, बनावट ठरलेला कागद फाडूं नये. 'बनावट' असा स्पष्ट शेरा मारून तो जपावा. महाराजांविषयीं तो कांहीं सांगत नसला, तरी त्या काळच्या लोकांस काय खरें वाटत होतें याचा तो अस्सल पुरावा आहे.