गांजाचे डॉक्टर

सध्या इंग्रजांनी १८९३ साली नेमलेल्या गांजा-भांग आयोगाचा अहवाल चाळतोय. सात खंड! मला रमवलं ते त्यातल्या शेतीनं. बंगालातल्या नौगावला (आता बांगलादेशात) ऑगस्टमध्ये वाफ्यात रोपं करायची, सप्टेंबरात उपटून मोठ्या शेतात लावायची. (आमच्याकडे शेवंतीची कुंडी बदलायची तरी घरात सभा भरते!) मग फुलोऱ्याच्या तोंडावर यायचा ‘पोद्दार’, म्हणजे गांजाचा डॉक्टर. नर झाडं ओळखून तो काढून टाकायचा. चुकून नर राहिले, तर मादीत बी धरून मालाचा कस गेलाच. शेतकऱ्याची मेहनत आणि सरकारचा अबकारी महसूल, दोन्ही त्या एका नजरेवर! १८९४ मध्ये आयोगानं सरसकट बंदी नको म्हटलं, नि पोद्दारांचं काम चालू राहिलं.