पुनःप्रेक्षण : मराठी नाट्यरसिकाच्या इतिहासाचा प्रश्न

मराठी रंगभूमीचा इतिहास आपण आजवर नाटककारांच्या, नाटक मंडळ्यांच्या किंवा नटांच्या क्रमाने लिहीत आलो. अप्पाजी विष्णु कुलकर्णी यांच्या ‘मराठी रंगभूमी’ (१९०३) या आरंभीच्या इतिहासग्रंथापासून श्री. ना. बनहट्टी यांच्या ‘मराठी रंगभूमीचा इतिहास’ (खंड पहिला, १९५७) या साक्षेपी ग्रंथापर्यंत आणि त्यानंतरही ही चौकट फारशी बदललेली नाही. या चौकटीत प्रेक्षक येतो तो समूहवाचक नाम म्हणून. त्याने एखादे नाटक डोक्यावर घेतलेले असते किंवा त्याकडे पाठ फिरवलेली असते. याखेरीज त्याला दुसरे क्रियापद नाही. जो माणूस विशीपासून सत्तरीपर्यंत नाटकाला जात राहिला, एकच नाटक पाच-दहा वेळा पाहत राहिला, त्याचे हे जाणे इतिहासाचा विषय ठरत नाही. त्याच्या आठवणी दिवाळी अंकात छापल्या जातात आणि समीक्षक त्यांना ‘स्मरणरंजन’ म्हणून बाजूला सारतो.

या माणसाचे नाटकवेड ही केवळ भावुकता नाही, ती पाहण्याची एक रीत आहे आणि त्या रीतीला स्वतःचा इतिहास आहे, असे प्रस्तुत निबंधात सुचवायचे आहे. या रीतीला ‘पुनःप्रेक्षण’ म्हणू. मुद्रित संहिता आणि पहिला प्रयोग यांनाच प्रमाण मानणाऱ्या समीक्षेला ती दिसत नाही.

विष्णुदास भावे यांनी १८४३ साली सांगलीत चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयाने ‘सीतास्वयंवर’ सादर केले, तेव्हाचा प्रेक्षक आमंत्रित होता. दरबारात कोणी, कुठे व किती वेळा बसायचे हे यजमान ठरवतो. १८५३ मध्ये भाव्यांची मंडळी मुंबईत आली आणि ग्रँट रोडच्या नाट्यगृहात तिकीट लावून खेळ झाले. रंगभूमीच्या व्यावसायिकतेचा आरंभ म्हणून या घटनेकडे पाहण्याचा प्रघात आहे. प्रेक्षकाच्या बाजूने पाहिले तर तिचा अर्थ थोडा वेगळा दिसतो. तिकिटाने त्याला नुसता प्रवेश मिळाला नाही, पुन्हा येण्याची मुभाही मिळाली. ही मुभा अर्थातच ज्याच्या खिशात पैसे आहेत त्याचीच होती, आणि बैठकीच्या दरांत समाजाची उतरंड जशीच्या तशी उतरली होती. स्त्रियांची बसण्याची वेगळी सोय हा तर स्वतंत्र प्रकरणाचा विषय आहे. तथापि आवडले तर उद्या परत यावे, हा निर्णय प्रथमच पाहणाऱ्याच्या हाती आला.

पाहणारा परत का येत होता? पुढे काय होणार या उत्सुकतेपोटी तर नक्कीच नव्हे. भाव्यांच्या आख्यानांची कथानके पोराबाळांना ठाऊक होती. ‘संगीत शाकुंतल’ (१८८०) आणि ‘संगीत सौभद्र’ (१८८२) यांनीही प्रेक्षकाला नवी गोष्ट सांगितली नाही. सुभद्रा अर्जुनालाच मिळणार हे जाणूनच तो येऊन बसत होता. कथानकाचे कुतूहल आधीच शमलेले असल्यामुळे त्याचे लक्ष ‘काय’वरून ‘कसे’वर जाई. कालच्या पदात घेतलेली जागा आज घेतली का, नारदाने आज प्रवेश कसा उभा केला, याची तुलना तो मनाशी करी. ध्वनिमुद्रिका घरोघरी वाजू लागल्यावर ही तुलना अधिक तीव्र झाली. तबकडीवर काही मिनिटांत बसवलेले पद रंगमंचावर किती फुलते, हे ऐकायला तो जाऊ लागला.

‘वन्समोअर’कडे या संदर्भात पाहिले पाहिजे. वन्समोअरमुळे रसभंग होतो हा आक्षेप जुना आहे. नाट्य म्हणजे एकसंध कृती असे गृहीत धरले तर तो बिनतोडही आहे. पण पुनःप्रेक्षकाच्या लेखी वन्समोअर हा व्यत्यय नव्हता, ते पुनःप्रेक्षणाचेच लघुरूप होते. जे करण्यासाठी तो पुन्हा तिकीट काढणार होता, ते त्याला त्याच रात्री हवे होते. तमाशातील दौलतजादेशी याची तुलना करून पाहण्यासारखी आहे. तेथे रसिक पैसे देऊन आपल्या आवडीची लावणी मागतो. येथे तिकिटात सारे आगाऊ दिलेले असल्याने मागणी फुकट होते. दोहोंकडे पाहणारा प्रयोगाची लांबी व क्रम बदलू शकतो. असे असूनही एकाला आपण ‘नाट्यरसिक’ म्हटले आणि दुसऱ्याला ‘शौकीन’. हा फरक पाहण्याच्या रीतीतला नव्हता, तो जातीचा व प्रतिष्ठेचा होता. वसंत सबनीसांच्या ‘विच्छा माझी पुरी करा’ने १९६५ मध्ये पांढरपेशा प्रेक्षकाला तमाशाच्या घाटाजवळ आणले खरे, पण मूळ फडाचा प्रेक्षक आपल्या नाट्येतिहासात आजही परकाच आहे.

पुनःप्रेक्षणाच्या परंपरेचा कळस म्हणून ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत झालेल्या संयुक्त ‘मानापमान’कडे पाहता येईल. टिळक स्वराज्य फंडासाठी झालेल्या या प्रयोगात बालगंधर्व भामिनी आणि केशवराव भोसले धैर्यधर होते. खाडिलकरांचे नाटक रंगभूमीवर येऊन दहा वर्षे उलटली होती. दोघा नटांची गायकी प्रेक्षकांना वर्षानुवर्षे वेगवेगळी परिचित होती आणि दोघांचे कैवारी एकमेकांशी वाद घालत आले होते. त्या रात्रीचा आस्वाद म्हणजे दोन साठवलेल्या स्मृतींची समोरासमोर भेट होती. नाटक प्रथमच पाहणारा कोणी त्या गर्दीत असलाच, तर त्याला त्या रात्रीचा निम्मा प्रयोग दिसलाच नसेल. पुढे तीनच महिन्यांत केशवराव वारले आणि ही जोडी पुन्हा दिसणे संपले.

आता एका अवघड प्रश्नाकडे वळू. बालगंधर्व पन्नाशी उलटल्यावरही स्त्रीभूमिका करीत राहिले आणि लोक जात राहिले. नाट्यसुधारकांना यात रंगभूमीच्या ऱ्हासाचे लक्षण दिसले. १९३३ साली ‘नाट्यमन्वंतर’ने ‘आंधळ्यांची शाळा’ आणले होते. आटोपशीर वेळ, मोजकी पदे, स्त्रियांनी केलेल्या स्त्रीभूमिका हा नवा मार्ग समोर असताना प्रेक्षकाने मागे वळून पाहावे, हे त्यांना खटकले. त्यांची तक्रार चुकीची नव्हती. परंतु त्या प्रेक्षकाला काय दिसत होते, हा प्रश्न तिने सोडवला नाही. समोरचे शरीर त्याला दिसत नव्हते असे म्हणणे म्हणजे त्याला भाबडा ठरवणे आहे. तो दोन शरीरे एकाच वेळी पाहत होता : समोरचे थकलेले आणि आपल्या तारुण्यात पाहिलेले. मार्विन कार्लसन या अमेरिकन अभ्यासकाने २००१ मध्ये रंगमंचाला पछाडलेली जागा म्हटले. आधीच्या भूमिकांची भुते नव्या प्रयोगात वावरतात, असा त्याचा सिद्धान्त आहे. आपल्या प्रेक्षकाच्या बाबतीत मात्र आणखी एक भूत मोजावे लागेल. तो नटाबरोबर स्वतःचेही पूर्वीचे वय पाहत असतो.

‘नाट्यशास्त्रा’च्या सत्ताविसाव्या अध्यायात प्रेक्षकांचा विचार आहे. तरुणांना शृंगार आवडतो, शूरांना वीर व रौद्र, वृद्धांना धर्माख्याने व पुराणकथा, विरक्तांना मोक्षविचार, अशी रुचीची वाटणी भरताने केली आहे. ही वाटणी निरनिराळ्या माणसांत केलेली आहे. आयुष्यभर नाटक पाहणाऱ्या माणसात ही सारी वये एकामागून एक येऊन जातात, आणि काही वेळा एकाच नाटकासमोर. देवलांची ‘शारदा’ (१८९९) तरुणपणी पाहणारा भुजंगनाथाला हसतो. मुलींचा बाप झाल्यावर त्याला पैशासाठी पोटची पोर देणारा कांचनभट अधिक अस्वस्थ करतो. ‘नटसम्राट’चे उदाहरण आणखी बोलके आहे. २३ डिसेंबर १९७० रोजी आलेल्या या नाटकात आप्पासाहेब बेलवलकरांची भूमिका प्रथम श्रीराम लागूंनी केली, नंतर दत्ता भट, सतीश दुभाषी अशा अनेकांनी. १९७० साली पंचविशीत असलेला प्रेक्षक आज ऐंशीच्या घरात आहे. पहिल्यांदा पाहिले तेव्हा तो वयाने आप्पासाहेबांच्या मुलांच्या बाजूचा होता. त्या वयात मुलांची अडचण समजणे शक्य असते, भले ती मान्य होत नसेल. पुढे नट बदलले, संहिता तीच राहिली, आणि पाहणारा हळूहळू पलीकडच्या बाजूला गेला. ‘नटसम्राट’च्या संहितेवर आपण पुष्कळ लिहिले, लिअरशी तिचे नाते तपासले, स्वगतांची मोजदाद केली. हा स्थलांतराचा अनुभव मात्र कोठे नोंदलेला नाही.

वाचककेंद्री समीक्षेची ओळख आपल्या विद्यापीठांना आता जुनी झाली. हान्स रॉबर्ट याउसचे ‘अपेक्षाक्षितिज’ प्रबंधांतून वारंवार भेटते. सुझन बेनेट यांचे नाट्यप्रेक्षकावरील पुस्तकही १९९० पासून उपलब्ध आहे. पण ही साधने मराठी सामग्रीला लावताना थोडे थांबावे लागते. याउसच्या मांडणीत कृती आणि रूढ अपेक्षा यांतील अंतर हे कलामूल्याचे गमक आहे. कृती अपेक्षेला धक्का देते तेव्हा क्षितिज सरकते. पुनःप्रेक्षणात कृती जागची हलत नाही, पाहणाराच क्षितिजासकट सरकतो. याउसच्या कसोटीने ‘सौभद्र’चा विसावा प्रयोग पाहणे म्हणजे निव्वळ उपभोग ठरेल. हा निष्कर्ष स्वीकारायचा, की कसोटीच्या मर्यादा मान्य करायच्या, याचा निर्णय आपल्याला करावा लागेल. माझा कल दुसरीकडे आहे.

गद्य नाटकाने ही रीत मोडली, असे म्हणण्यातही अर्धेच तथ्य आहे. आचार्य अत्र्यांचे ‘तो मी नव्हेच’ (१९६२) हे वरकरणी खटल्याचे नाटक. परंतु लखोबा लोखंडेचे बिंग दुसऱ्यांदा येणाऱ्याला माहीतच असते, आणि ज्याने पहिल्यांदा येताना ऐकलेले नाही असाही प्रेक्षक पुढेपुढे विरळाच. प्रभाकर पणशीकरांनी हे नाटक दशकानुदशके केले, प्रयोगसंख्या हजारांच्या घरात गेली. एक नट पाच वेषांत कसा पालटतो आणि फिरता रंगमंच त्याला कशी साथ देतो, हे पाहण्यासाठी लोक मुलांना, मग नातवंडांना घेऊन गेले. नाटक दाखवायला नेणे हेही पुनःप्रेक्षणच. आपल्याला हसू आले तेथेच शेजारच्या खुर्चीतल्या मुलाला येते का, हे माणूस अंधारात निरखत असतो.

प्रायोगिक रंगभूमीचा रसिक या रीतीत बसत नाही, हे मान्य केले पाहिजे. १९६० साली सुरू झालेल्या ‘रंगायन’च्या सभासदाने किंवा १९७४ नंतर दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहात बसणाऱ्या प्रेक्षकाने प्रत्येक नवे नाटक पाहिले, पण बहुधा एकदाच. त्याची निष्ठा नाटकाशी नव्हती, शोधाशी होती. आपली समीक्षा याच प्रेक्षकाने लिहिली, त्यामुळे त्याचीच पाहण्याची रीत तिला सार्वत्रिक वाटली. झाडीपट्टीत, म्हणजे गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया या भागांत, धानाची कापणी झाल्यावर रात्र रात्र नाटके चालतात आणि त्यासाठी पाहुणे गावोगाव येतात. गोव्यात देवळांच्या उत्सवांतून गावकरी पिढ्यान्‌पिढ्या नाटके करतात व पाहतात. तेथला रसिक आपल्या सिद्धान्ताच्या दृष्टीने अजून अस्तित्वातच आलेला नाही.

या इतिहासाची साधने कोठे शोधायची? वर्तमानपत्रांतील जाहिराती आहेत, मंडळ्यांचे हिशेब क्वचित सापडतात, नटांची आत्मचरित्रे आहेत. गणपतराव बोडसांची ‘माझी भूमिका’ आणि चिंतामणराव कोल्हटकरांचे ‘बहुरूपी’ ही पुस्तके प्रेक्षकाविषयी जे सांगतात ते रंगमंचावरून दिसलेले आहे. उलट बाजूचे कागद जपलेच गेले नाहीत. नाट्यगृहाच्या खिडकीवर ‘प्लॅन’ उघडला की बुकिंग क्लार्क आसनांच्या तक्त्यावर एकेक चौकोन पेन्सिलीने खोडत जाई. कोणती रांग आधी भरली आणि कोणती तिसऱ्या घंटेपर्यंत रिकामी राहिली, याची ती प्रत्येक प्रयोगाची नोंद होती. प्रयोग संपला की तक्ता रद्दीत जाई. मार्च २०२० मध्ये महासाथीमुळे नाट्यगृहे बंद झाली आणि २२ ऑक्टोबर २०२१ रोजी ती निम्म्या आसनांवर पुन्हा उघडली, तोवर तिकिटविक्री बव्हंशी मोबाईलवर गेली होती. एकच माणूस एकाच नाटकाला किती वेळा आला, हे आता मोजता येण्याजोगे आहे. ती नोंद मात्र तिकीट विकणाऱ्या कंपन्यांच्या संगणकात आहे आणि अभ्यासकाला तेथे प्रवेश नाही.